मागच्या सीटवरचा कॉम्प्युटर

“मॅडम, तुम्हीच बसा,” शिंत्रे सर म्हणाले, आणि माझ्या गॅरेजमध्ये, माझ्या स्टुलावर, माझी बायको बसली.

मी ट्रॅक्टरच्या मडगार्डपाशी पाना घेऊन उभा होतो. मला कुणी बस म्हटलं नव्हतं. रंजनाला अख्खं विटा गाव वहिनी म्हणायचं, गल्लीतल्या बायका मिस्त्रीणबाई म्हणायच्या, आणि आई होती तोवर ती नुसतंच ‘अगं ए’ म्हणायची. मॅडम मी पहिल्यांदाच ऐकत होतो. बरं, ती त्या शब्दाला दचकलीसुद्धा नाही. पदर खोचून बसली आणि म्हणाली, “सर, आधी हा चालू तरी होतोय का बघू.”

हा म्हणजे कॉम्प्युटर. एक पिवळट पडलेला डबा, आणि मागं ढेरी सुटलेला मॉनिटर. शिंत्रे सरांच्या क्लासमधून त्या दिवशी सकाळी रिक्षात घालून आणला होता. माझ्या पान्या-पकडींचं टेबल रिकामं करून त्याला जागा दिली होती. पाने खाली पोत्यावर.

हे सगळं सुरू झालं मंडले अण्णांच्या जीपमुळं. अण्णांच्या पाच जीपा विटा-खानापूर रस्त्यावर वडाप करायच्या, म्हणजे माणसं भरून खेपा मारायच्या. चार जुन्या, त्यांच्या इंजिनाची नस न् नस मला माहीत होती. पाचवी नवीकोरी होती, आणि तिला एकच खोड होती. रेणावीचा चढ लागला की समोर पिवळा दिवा पेटायचा आणि गाडीचा जीव जायचा. मागं बसलेली माणसं उतरून चालत वर जायची. अण्णांनी ती सांगलीला कंपनीच्या वर्कशॉपमध्ये नेली. तिथं चार दिवस ठेवून ‘गाडीत काही दोष नाही’ म्हणून परत दिली. दुसऱ्याच दिवशी चढाला पुन्हा दिवा.

“मिस्त्री,” अण्णा म्हणाले होते, “तू हिचं दुखणं काढलंस तर पाचीच्या पाची गाड्या जन्मभर तुझ्याकडं. न्हाईतर मी आता सगळ्याच सांगलीला न्हेतो बग.”

पाच गाड्या म्हणजे माझं निम्मं गॅरेज. आणि नव्या गाड्यांचं असं होतं की पाना लावायच्या आधी त्यांना विचारावं लागतं, बाई, तुला काय होतंय. पुण्यातलं एक वर्कशॉप बंद झालं तेव्हा तिथून मी त्यासाठीच एक केबल आणि एक सीडी आणून ठेवली होती. केबलचं एक टोक स्टिअरिंगखाली लावायचं, दुसरं कॉम्प्युटरला, की गाडीच्या पोटातलं सगळं पडद्यावर दिसतं, असं तिथल्या माणसानं सांगितलं होतं. मी भाच्याचा नवा लॅपटॉप आणून बघितला. केबलच्या तोंडाला नऊ भोकं, आणि लॅपटॉपला तसल्या काड्याच नाहीत. सीडी घातली तर ‘चालणार नाही’ असा निरोप.

रात्री जेवताना मी यावरून चिडचिड करत होतो. रंजना भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, “त्याला जुना कॉम्प्युटर लागेल. मागं तसलं पोर्ट असलेला. आणि विंडोजपण जुनी लागेल. सरांच्या क्लासात असतील अजून एकदोन.”

“कुठले सर?”

“शिंत्रे सर. आणखी कुठले?”

लग्नाआधी ती शिंत्र्यांच्या क्लासमध्ये पोरींना कॉम्प्युटर शिकवायची, हे मला माहीत होतं. पण बायकोच्या माहेरी विहीर आहे हे माहीत असावं, तेवढंच. लग्नानंतर आईनं ते बंद केलं आणि मी त्यावर काही बोललो नव्हतो. बोलायचं असतं हेसुद्धा तेव्हा सुचलं नव्हतं.

आमच्या शेडमध्ये बाईमाणूस येत नसे. तसा काही नियम नव्हता, वडिलांपासून चालत आलं होतं एवढंच. घर शेडच्या मागंच, मधे एक दार. त्या दारातून रंजनाचा चहा यायचा, जेवायची हाक यायची, ती स्वतः यायची नाही. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, ताट घेऊन यायची. पाने, जॅक, कंप्रेसर, वेल्डिंगचा सेट, सगळ्यांना हळदकुंकू लावायची, नारळ माझ्या हातात द्यायची आणि परत दाराआड. आणि आता ती रोज सकाळी अकरा वाजता, स्वयंपाक आवरून, शेडमध्ये येऊन बसू लागली. तीही लग्नकार्यात नेसायच्या निळ्या साडीत.

“ऑइल लागेल त्याला,” मी म्हणालो.

“लागू दे,” ती म्हणाली.

शिंत्रे सर म्हणजे इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि अत्तर. आमच्या शेडमध्ये डिझेल, ग्रीस आणि जळकं रबर यांचा एक वास असतो. तो मला कधी येत नव्हता, पण सर आले की यायला लागायचा. दोघं त्या पडद्यासमोर डोक्याला डोकं लावून बसायचे. ती बोटं चालवायची, तो बघायचा. ती अशी बोटं चालवू शकते हे मला ठाऊक नव्हतं. माझ्याकडं बघून गिऱ्हाइकं म्हणतात ना, मिस्त्रीचा हात बघा कसा चालतो, तसा तिचा हात चालत होता. आणि ते बघणारा दुसरा होता.

“मॅडम, विसरला नाहीत हां काही.”

“कसलं काय सर, सगळं विसरलेय.”

आणि मग हसायची. घरी हसताना ती तोंडावर पदर घेते. इथं तिनं पदर घेतला नाही.

मी मधूनमधून जाऊन उभा राहायचो. एकदा विचारलं, “हे पोर्ट पोर्ट म्हणताय, ते काय असतं?”

शिंत्रे सरांनी मान तिरकी केली. “मिस्त्री, हे बघा हं, आता आपल्या घरी कसं पाण्याच्या नळाला आपण पाइप जोडतो...”

बालवाडीतल्या पोराला सांगावं तसं त्यानं मला सांगितलं. त्याची गाडी गेल्या वर्षी बंद पडली होती, तेव्हा त्याला क्लच आणि ब्रेक यांतला फरक सांगताना मी असं बोललो नव्हतो. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी हं हं केलं आणि परत ट्रॅक्टरखाली गेलो. तिथून मला रंजनाचे पाय दिसत होते, आणि त्याचे बूट. दोन्हींमध्ये अंतर किती आहे ते मी किती वेळा बघितलं, त्याचा काही हिशेब नाही.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी पाणी प्यायला उठलो, तेव्हा त्याचं बोलणं कानावर पडलं. आवाज हळू होता.

“जूनपर्यंत सांगा, मॅडम. सांगलीची जागा मी तुमच्यासाठी रिकामी ठेवलीय.”

रंजनानं काय उत्तर दिलं ते कंप्रेसर सुरू झाल्यामुळं मला ऐकू आलं नाही. आणि त्याचं बटण मीच चालू ठेवून उठलो होतो.

त्या दिवसापासून मला जेवण गेलं नाही. सांगलीची जागा. कसली जागा? नोकरीची जागा म्हणावी तर ‘रिकामी ठेवलीय’ हे काय बोलणं झालं? मी विचारू शकलो असतो. पण विचारलं आणि ती हो म्हणाली तर? न विचारलेलं बरं, निदान अजून काही झालेलं नाही, असं म्हणून मी गप्प राहायचो, आणि गप्प राहिलो की आणखी जळायचो. ती पण घरी काही सांगत नव्हती. उलट भांडी घासताना गुणगुणत होती. एवढं खुशीत यायला त्या पिवळ्या डब्यात काय होतं?

आणि डबा तर चालतही नव्हता. म्हणजे सुरू व्हायचा, सीडी आत घ्यायचा, पडद्यावर निळी पट्टी पुढं सरकायला लागायची, आणि मधेच सगळं काळं. पुन्हा पहिल्यापासून. शिंत्रे सरांनी आतलं सगळं पुसून नवी विंडोज म्हणजे जुनी विंडोज घातली, तरी तेच. सीडी खराब असेल, डबाच गेला असेल, असं ते म्हणू लागले. मला मनातून बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू. अण्णांच्या पाच गाड्या जातील याची धास्ती एकीकडं होती, आणि हा उपद्व्याप बंद पडून ती दाराआड परत जाईल याचं सुख दुसरीकडं.

मग एका दुपारी मी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा जोड मारत होतो. वेल्डिंगचा चष्मा डोळ्यावर, सळई टेकवली, चर्र झालं, आणि मागून रंजनाचा आवाज आला, “थांबा!”

मी चष्मा वर केला. ती उठून उभी होती. वर छताकडं बघत होती.

“आता परत मारा.”

“काय?”

“सळई टेकवा हो परत.”

मी टेकवली. छतातला बल्ब मिणमिणला. मी उचलली, बल्ब सरळ झाला. पडदा काळा होता.

“बघितलंत सर?” ती म्हणाली. “वेल्डिंग सुरू झालं की लाइट पडते. म्हणून हा मरतो. सीडीचं काही नाही, डब्याचंही काही नाही.” आणि मग ती माझ्याकडं वळली. तिचा चेहरा मी असा कधी बघितला नव्हता. “तुम्ही मुद्दाम करत होता का?”

शिंत्रे सर खिडकीबाहेर बघू लागले.

“मुद्दाम?” मी म्हणालो. “माझं कामच आहे ते! ट्रॉली उद्या द्यायचीय!”

“रोज नेमकी पट्टी अर्ध्यावर आली की तुमचं वेल्डिंग निघतं.”

देवाशपथ, मी मुद्दाम केलं नव्हतं. मला कळलंच नव्हतं. आणि हेच मला जास्त लागलं. वेल्डिंगनं बल्ब मिणमिणतो हे मी लहानपणापासून बघतोय, आणि त्याचा या डब्याशी संबंध मला न लागता तिला लागला. पण ते सांगणार कसं? मी मुद्दाम केलं नाही असं म्हणावं तर बावळट ठरतो, आणि गप्प बसावं तर लबाड.

“वेल्डिंग बंद ठेवा आजच्या दिवस,” ती म्हणाली.

माझ्या शेडमध्ये मला कुणी काम बंद ठेवायला सांगितलं नव्हतं, वडील गेल्यापासून. मी चष्मा आपटला आणि कोपऱ्यावरच्या टपरीवर जाऊन बसलो. टपरीवाला म्हणाला, “मिस्त्री, आज कामावर सुट्टी?” मी म्हणालो, “मॅडमना विचार.” त्याला काही कळलं नाही. मी दोन चहा प्यायलो आणि तिसरा न पिताच उठलो, कारण शेडमध्ये ती दोघंच आहेत हे आठवलं.

परत आलो तेव्हा शिंत्रे सर टाळ्या वाजवत होते. केबल अण्णांच्या जीपमधून निघून टेबलापर्यंत ताणलेली होती, इंजिन चालू होतं, आणि पडद्यावर आकडे नाचत होते. रंजनाचे डोळे भरून आले होते.

“बघा,” ती मला म्हणाली. रागावलेली आहे हे ती क्षणभर विसरली होती. “हे इंजिनाचे फेरे. हे पाण्याचं तापमान. आणि हे डिझेलचं प्रेशर. तुम्ही ॲक्सिलेटर दाबा, हे वाढेल.”

मी आत बसून दाबलं. वाढलं. सांगायला हरकत नाही, माझ्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं मी जे कानानं आणि बोटानं चाचपत होतो, ते तिथं उघड दिसत होतं. पण तिनं मान आधी त्याच्याकडं वळवली होती, मग माझ्याकडं. ते मी बघून ठेवलं होतं.

शेडमध्ये उभ्या गाडीला काहीच दोष दाखवेना. दोष चढावरच यायचा, म्हणजे कॉम्प्युटर चढावर न्यायला हवा. लॅपटॉप असता तर मांडीवर घेतला असता. हा तर मॉनिटरसकट मोठा संसार. घरातला इन्व्हर्टर आणि बॅटरी जीपच्या मागच्या फळीवर ठेवली, मधल्या सीटवर मॉनिटर उशा लावून बसवला आणि दोरीनं आवळला. डबा खाली पायाशी. मॉनिटरच्या एका बाजूला रंजना, दुसऱ्या बाजूला शिंत्रे सर. पुढं माझ्या शेजारी मंडले अण्णा.

“लग्नाचं वऱ्हाड दिसतंय,” अण्णा म्हणाले.

मी गाडी काढली. जाताना लोक थांबून बघत होते. मी मात्र आरसा बघत होतो. आरशात मधे मॉनिटरचं ढेरपोटं आणि दोन बाजूंना दोन डोकी, आणि खड्डा आला की दोन्ही डोकी एकाच वेळी पडद्यावर वाकायची. खड्डा चुकवावा म्हटलं तर सगळा रस्ताच खड्ड्यांचा.

“मिस्त्री, पुढं बगा की,” अण्णा दोनदा म्हणाले.

चढ लागला. “दाबा आता,” रंजना म्हणाली. मी दाबलं.

“बाराशे,” ती प्रेशरचा आकडा वाचू लागली. “बाराशे. साडेअकराशे. हलतोय. अकराशे, परत बाराशे, हजार... पडला!”

पिवळा दिवा पेटला. गाडी घुसमटली, दम सोडून रांगायला लागली. मी कडेला घेतली.

“पंप,” शिंत्रे सर म्हणाले. त्यांनी एक जाडजूड छापील पुस्तक आणलं होतं. “यात स्पष्ट दिलंय, प्रेशर पडतंय म्हणजे पंप बदला.” त्यांचा रंग पांढरट झाला होता आणि कपाळावर घाम होता. वळणावळणाच्या रस्त्यावर पडद्यात बघून त्यांच्या पोटात ढवळत होतं.

पंपच असणार असं मलाही वाटत होतं. पण तो म्हणाला म्हणून मी मान हलवली नाही.

“एक मिनिट,” रंजना म्हणाली. “हा आकडा एकदम नाही पडला. आधी थरथरला. आपली घरची मोटार बघा, टाकीतलं पाणी खाली गेलं की हवा ओढते आणि पाइप फुरफुरतो, मग पाणी बंद होतं. तसं झालं.”

“टाकी अर्धी आहे,” मी म्हणालो. “काटा बघ.”

“सपाटीला अर्धी. चढाला कुठं अर्धी?”

मी स्टिअरिंगवर हात ठेवून तसाच बसलो. या जीपच्या टाकीत डिझेल ओढायची नळी पुढच्या अंगाला उतरते. चढाला डिझेल सगळं मागं पळतं. नळीला मधे कुठं चीर असेल, तर सपाटीला ती डिझेलमध्ये बुडालेली राहणार आणि चढाला उघडी पडून हवा ओढणार. इतकं सोपं. ते वाक्य माझं असायला पाहिजे होतं.

“अण्णा,” मी विचारलं, “टाकी कधी भरता का?”

“खुळा का काय? वडापवाला कवा टाकी भरतोय व्हय? खेपेपुरतं टाकायचं, काटा निम्म्यावर आला की परत टाकायचं.”

“सांगलीला नेली तेव्हा?”

अण्णांनी कपाळावर हात मारून घेतला. “फुल्ल केली हुती. लांबचा रस्ता म्हनून. आन् तितं सगळी सपाटी.” मागं वळून हात जोडले. “वहिनी, मानलं तुमास्नी. ह्यो मिस्त्री इतकी वर्सं माजी गाडी बगतोय, पर...”

पुढचं बोलले नाहीत, पण मला ऐकू आलं. तोवर मी एका माणसावर जळत होतो. आता बायकोवरही जळायला लागलो. एकाच गाडीत दोघं, आणि दोघंही माझ्या पाठीमागं.

खात्री करायला एकच मार्ग होता. खाली पेट्रोलपंपावर जाऊन टाकी गच्च भरायची आणि तोच चढ पुन्हा चढायचा. दिवा पेटला नाही तर चीर नक्की. पंपावर पोचलो तसे शिंत्रे सर दार उघडून बाहेर पडले, कडेच्या बाभळीपाशी गेले, आणि पोटातलं सगळं तिथं ठेवून आले. पांढऱ्या शर्टावरसुद्धा थोडं आलं होतं. रंजनानं त्यांना पाण्याची बाटली दिली. मी काही हसलो नाही. म्हणजे आत हसलो, बाहेर नाही.

“मी इथंच थांबतो,” ते म्हणाले. “मॅडम, तुम्ही बघा. तुम्हाला येतंय सगळं.”

“मी बी थांबतो सरांपाशी,” अण्णा म्हणाले. “त्यांचा रंग बगा की. तुमी दोघं जाऊन या.”

असे आम्ही दोघं निघालो. मी पुढं, ती मागं, तिच्या शेजारी दोरीनं आवळलेला मॉनिटर. शेतं गेली, विटांच्या भट्ट्या गेल्या. मी आरशात बघत होतो. आता तिथं एकच डोकं होतं, आणि ते पडद्यात गढलेलं.

चढ लागला.

“दाबा.”

दाबलं.

“बाराशे,” ती म्हणाली. “बाराशे. ठीक आहे.”

मला वाटलं, आता नाही विचारलं तर कधीच विचारणार नाही. घरी भिंती असतात, शेडमध्ये गिऱ्हाईक असतं.

“सांगलीची जागा कसली?” मी विचारलं.

“बाराशे,” ती म्हणाली. “तुम्हाला कुणी सांगितलं?”

“मी ऐकलं. जूनपर्यंत सांगा म्हणत होता. तुझ्यासाठी रिकामी ठेवलीय म्हणत होता.”

“साडेबाराशे. त्यांची नवीन शाखा निघतीय तिथं. शिकवायला या म्हणत होते.”

“तू जाणार?”

“बाराशे. गिअर बदला, इंजिन ओढत नाहीय.”

मी गिअर बदलला. “तू जाणार का विचारतोय मी. त्याच्याबरोबर रोज येणार-जाणार का?”

“त्यांच्याबरोबर?” ती एकदम हसली. मग हसू आवरलं आणि आवाज चढवला. “अहो, तो माणूस घाटात दोन वळणं टिकत नाही, त्याच्याबरोबर मी रोज सांगलीला जाऊ? डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? बाराशे. आणि जायचं असतं तर मी तुम्हाला सांगून गेले असते, लपून नाही. मी त्याच दिवशी त्यांना नाही म्हणून सांगितलं.”

“त्याच दिवशी?”

“तिथल्या तिथं. म्हटलं, सर, पोरींना टायपिंग शिकवून झालंय माझं. मला गाड्यांचं शिकायचंय. ह्या गाडीचं दुखणं सापडलं की मी रोज शेडमध्येच बसणार आहे.” ती थांबली. “बाराशे. तुम्हाला चालत नसेल तर आत्ता सांगा.”

मला चालत होतं. मला इतकं चालत होतं की माझा पाय ॲक्सिलेटरवर आणखी दाबला गेला. पहिलं वळण गेलं, जिथं मघाशी दिवा पेटला होता ते वळणही गेलं, आणि गाडी तिच्या वयाला शोभेल अशी वर चालली होती. चीर नक्की. अण्णांच्या पाची गाड्या नक्की. पण माझ्या डोक्यात ते दिवस फिरत होते. ती निळी साडी, ते गुणगुणणं, न गेलेलं जेवण, ट्रॅक्टरखालून बघितलेले बूट.

“मग मला सांगितलं का नाहीस?” मी जवळजवळ ओरडलोच. “मी इकडं जळून कोळसा झालो. तुला दिसत नव्हतं?”

“दिसत होतं की.”

“आणि?”

तिनं आकडा वाचला नाही. मी आरशात बघितलं, तर ती पडद्याकडं बघत नव्हती, आरशातच बघत होती.

“लग्न झाल्यापासून मी तुमच्या खिशातले नटबोल्ट धुण्यातून काढतेय,” ती म्हणाली. “जेवताना गाडी, झोपताना गाडी. कुणाची जीप आली की तुम्ही तिच्याभोवती दोनदा फिरायचा, वाकून बघायचा, कान लावायचा. मला त्या गाड्यांचा एवढा राग यायचा. नवीन साडी नेसून मी चहा घेऊन दारात उभी राहायची, आणि तुम्ही न बघता हात पुढं करायचा. आणि या आठवड्यात? ट्रॅक्टरखालून बघताय, पाणी प्यायच्या निमित्तानं बघताय, आरशातून बघताय. इतक्या वर्षांत तुम्ही माझ्याकडं पहिल्यांदा असं बघत होता. गाडीकडं बघता ना, तसं. म्हटलं, बघू दे अजून चार दिवस. कशाला सांगू?”

मी आरशात बघत राहिलो. तिनं पदर सावरला, कपाळावरचा घाम पुसला, आणि आता पदर तोंडावर न घेता हसली.

“आता पुढं बघा,” ती म्हणाली. “एसटी येतीय.”